बुद्धिमान वाहतूक प्रणालीविषयी माहिती आणि तांत्रिक मदत कशी मिळवावी?

मार्गस्थ

सिग्नलचे समन्वयन, वाहनांची स्वयंचलित मोजणी, रस्त्यावरचे बदलते संदेशफलक, थांब्यावर दिसणारी बसच्या आगमनाची वेळ, टोलची इलेक्ट्रॉनिक वसुली आणि अपघाताची आपोआप जाणारी सूचना ही सगळी कामे आता ‘बुद्धिमान वाहतूक प्रणाली’ या एकाच नावाखाली येतात. ही प्रणाली उभारण्याची आणि पुढे वर्षानुवर्षे चालवण्याची जबाबदारी मात्र बहुधा स्थापत्य किंवा वाहतूक अभियंत्यांवर येते. त्यांना दूरसंचार, संगणकजाळे, संवेदक, माहितीची स्वरूपे आणि निविदेची भाषा असे अनेक विषय एकदम हाताळावे लागतात, आणि यांपैकी निम्म्याहून अधिक विषय त्यांच्या शिक्षणात कधी आलेले नसतात.

मदत शोधायला निघाले की पहिल्यांदा हाती लागतात ती उत्पादकांची माहितीपत्रके. त्यांत चुकीचे काही असतेच असे नाही; पण ती उपकरणापासून सुरू होतात आणि आपला प्रश्न तर गरजेपासून सुरू झालेला असतो. माझे मत असे आहे की या विषयात माहितीचा तुटवडा नाही. आपला प्रश्न नेमका कोणत्या थरातला आहे हे ठरवल्याशिवाय शोध सुरू केला जातो, ही खरी अडचण आहे. मी चार थर मानतो: काय साधायचे आहे ती गरज, त्यासाठी कोणते कार्य घडायला हवे, त्या कार्यासाठी कोणत्या दोन यंत्रणांनी एकमेकांशी काय बोलायला हवे, आणि शेवटी ते बोलणारे उपकरण कोणते.

चर्चा भरकटू नये म्हणून एकच उदाहरण घेऊ: गर्दीच्या रस्त्यावरील बसगाड्यांना सिग्नलवर प्राधान्य द्यायचे आहे. बस चौकाजवळ आल्याचे कळावे, कंट्रोलरने, म्हणजे सिग्नलचे दिवे चालवणाऱ्या यंत्राने, हिरवा दिवा थोडा लांबवावा किंवा लाल दिवा लवकर संपवावा आणि आडव्या रस्त्यावरच्या वाहनांना व पादचाऱ्यांना त्याचा फार त्रास होऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. या उदाहरणापुरते सांगायचे तर प्रत्येक थरासाठी खात्रीची माहिती कुठे मिळते, कोणती कागदपत्रे विनामूल्य आहेत, आणि तज्ज्ञांना प्रश्न विचारताना सोबत काय द्यावे म्हणजे उत्तर उपयोगी मिळेल? ज्यांनी अशी कामे केली आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

ग्रंथशोधक

गरज आणि कार्य या पहिल्या दोन थरांविषयी लिहितो, कारण शोधाची सर्वांत भक्कम साधने तिथेच आहेत.

वाहतुकीवरील संशोधनाची सर्वांत मोठी सूची म्हणजे ‘ट्रिड’. अमेरिकेतील ट्रान्स्पोर्टेशन रिसर्च बोर्डाची जुनी सूची आणि आंतरराष्ट्रीय वाहतूक मंचाची सूची एकत्र करून ती तयार झाली आणि ती सर्वांना विनामूल्य खुली आहे. तिच्यात प्रामुख्याने नोंदी आणि सारांश असतात. संपूर्ण अहवाल हवा असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक ग्रंथालयाच्या ‘रोझा पी’ या संग्रहात शोधावे, कारण सरकारी खर्चाने झालेले बरेचसे अहवाल तिथे पूर्ण मिळतात. शोधताना एक पथ्य पाळावे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत हा विषय ‘इंटेलिजंट व्हेइकल हायवे सिस्टिम्स’ या नावाने ओळखला जाई, आणि युरोपात बराच काळ ‘ट्रान्सपोर्ट टेलिमॅटिक्स’ हे नाव रूढ होते. आजच्याच नावाने शोध घेतला तर पायाभूत प्रयोगांचे अहवाल नजरेतून सुटतात.

संपूर्ण विषयाचा आराखडा समजून घ्यायचा असेल तर जागतिक रस्ते संघटनेची, म्हणजे पिआर्कची, रस्ताजाळ्याचे संचालन आणि बुद्धिमान वाहतूक प्रणाली यांवरील ऑनलाइन नियमपुस्तिका वाचावी. ही संघटना १९०९ पासून कार्यरत आहे. तिच्या लेखनाचा मोठा गुण असा की ते एखाद्याच देशाच्या नियमांत अडकून पडत नाही, आणि साधनसामग्री कमी असलेल्या यंत्रणांचाही त्यात विचार असतो.

त्यानंतर संदर्भ-आराखडे पाहावेत. अमेरिकेचा ‘आर्क-आयटी’ हा आराखडा पूर्णपणे खुला आहे. त्यात प्रत्येक सेवेसाठी एक ‘सर्व्हिस पॅकेज’ असते आणि त्या सेवेत कोण सहभागी होते, कोणती कार्ये घडतात, कोणत्या दोन घटकांमध्ये कोणती माहिती वाहते आणि तिच्यासाठी कोणते मानक लागू पडते, हे सगळे आकृत्यांसह दिलेले असते. बसला सिग्नलवर प्राधान्य देण्याचे पॅकेज त्यात तयारच आहे. युरोपात ‘फ्रेम’ नावाचा आराखडा आहे. तो कार्यांवर अधिक भर देतो आणि प्रत्यक्ष रचना ज्याची त्याने ठरवावी असे मानतो. मार्गस्थ यांनी सांगितलेले थर या आराखड्यांत बरेचसे आधीच वेगळे केलेले आहेत, म्हणून शोधाची सुरुवात तिथून करावी असे मी आग्रहाने सांगेन. तेथील आकृती समोर ठेवली की आपल्या प्रकल्पात माहिती दाखवणारा कोणता बाण अजून कुणाच्याच जबाबदारीत नाही, हे लगेच दिसते. बहुतेक प्रकल्प अशा बेवारस बाणापाशीच अडतात.

अमेरिकेच्या परिवहन विभागाचे या विषयाचे कार्यालय लाभ, खर्च आणि अनुभवातून घेतलेले धडे यांच्या नोंदीही प्रसिद्ध करते. यांपैकी धड्यांच्या नोंदी सर्वांत मोलाच्या आहेत. लाभाचे आकडे मात्र जपून वापरावेत. त्याचे कारण पुढे कुणीतरी सविस्तर सांगेलच.

चौफुली

तिसऱ्या थराविषयी, म्हणजे दोन यंत्रणांमधल्या जोडणीविषयी, मला थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण पैसा आणि वेळ यांचे सर्वाधिक नुकसान इथेच होते.

निविदेत ‘सर्व उपकरणे आंतरराष्ट्रीय मानकांना अनुसरून असावीत’ असे वाक्य लिहिले जाते आणि लिहिणाऱ्याला वाटते की आपण सुरक्षित झालो. प्रत्यक्षात या वाक्यातून काहीच निष्पन्न होत नाही. सिग्नल कंट्रोलर, संदेशफलक आणि केंद्रीय संगणक यांच्यातील संभाषणासाठी उत्तर अमेरिकेत ‘एनटीसीआयपी’ ही मानकमालिका वापरली जाते. तिच्यातील १२०२ क्रमांकाचे मानक सिग्नल कंट्रोलरसाठी, १२०३ हे बदलत्या संदेशफलकांसाठी आणि १२११ हे सिग्नलवरील प्राधान्यासाठी आहे. पण यांतील प्रत्येक मानकात काही गोष्टी अनिवार्य आणि पुष्कळ गोष्टी ऐच्छिक असतात. अनिवार्य तेवढेच देणारे उपकरणही मानकाला धरूनच असते, आणि तरीही आपल्याला हवे असलेले काम त्याला येत नाही.

म्हणून या मालिकेतील अलीकडच्या मानकांत दोन तक्ते दिलेले असतात, आणि मदत शोधणाऱ्या प्रत्येकाने आधी ते तक्ते उघडावेत. पहिला तक्ता गरजा आणि आवश्यकता यांचा: आपल्या प्रकल्पाला कोणती गरज लागू आहे त्यापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी खूण करायची. दुसरा तक्ता त्या आवश्यकतेपासून नेमक्या संवादापर्यंत आणि माहितीच्या घटकापर्यंत माग काढून देतो. पहिला तक्ता भरून निविदेला जोडला की ‘मानकाला अनुसरून’ या शब्दांना तपासता येईल असा अर्थ मिळतो, आणि स्वीकृतीच्या चाचणीत कोणता घटक वाचून पाहायचा हे आधीच ठरलेले असते. एनटीसीआयपीची मानके विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि हे तक्ते कसे भरावेत हे शिकवणारे अमेरिकी परिवहन विभागाचे प्रशिक्षणवर्गही ऑनलाइन विनामूल्य आहेत.

आपल्या उदाहरणाकडे येऊ. १२११ या मानकात प्राधान्याची विनंती निर्माण करणारा घटक आणि विनंत्या स्वीकारून त्यांचा क्रम लावणारा घटक असे दोन वेगळे मानले आहेत. विनंती निर्माण करणारा घटक बसमध्ये असू शकतो, बस आगाराच्या नियंत्रण कक्षात असू शकतो किंवा वाहतूक नियंत्रण केंद्रातही असू शकतो. हा निर्णय तांत्रिक दिसतो, पण तो मुळात संस्थांमधला आहे: बस उशिरा धावते आहे हे कोणाला कळते, आणि उशिरा धावणाऱ्या बसलाच प्राधान्य द्यायचे की प्रत्येक बसला, हे कोण ठरवणार? हा निर्णय झाल्याशिवाय तांत्रिक मदत मागितली तर समोरचा तज्ज्ञ हाच प्रश्न उलट विचारील.

इतर ठिकाणच्या मानकांविषयी थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये यूटीएमसी आणि जर्मन भाषक देशांत ऑसिट या चौकटी आहेत. रस्त्यावरील रहदारीची माहिती एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे पाठवण्यासाठी युरोपात डेटेक्स-२ वापरले जाते. वाहन आणि रस्ता यांच्यातील थेट संदेशांसाठी युरोपीय दूरसंचार मानक संस्थेची, म्हणजे एत्सीची, मानके आहेत आणि तीही विनामूल्य मिळतात. आयएसओची तांत्रिक समिती क्रमांक २०४ या विषयाची आंतरराष्ट्रीय मानके करते. ती विकत घ्यावी लागतात, पण त्यांची व्याप्ती आणि व्याख्या आयएसओच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. विकत घेण्याआधी व्याप्तीचा परिच्छेद वाचला तर अनावश्यक खरेदी टळते.

मार्गस्थ

ग्रंथशोधक आणि चौफुली, दोघांचेही मनःपूर्वक आभार. तक्त्यांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. यावरून दोन प्रश्न पुढे येतात. पहिला, लाभाचे आकडे जपून वापरा म्हणजे नेमके काय करा? दुसरा, रहदारीनुसार आपोआप वेळा बदलणारी प्रणाली घेतली की बसचे प्राधान्य त्यातच आले, असे पुष्कळदा सांगितले जाते. हे तपासायचे कसे?

रस्तामापक

दोन्ही प्रश्नांचे उत्तर बऱ्याच अंशी डिटेक्टरपाशी, म्हणजे वाहनाची नोंद घेणाऱ्या संवेदकापाशी, येऊन मिळते.

रहदारीनुसार वेळा बदलणाऱ्या प्रणालींत दोन जुनी आणि दीर्घकाळ टिकलेली नावे म्हणजे ब्रिटनमध्ये विकसित झालेली ‘स्कूट’ आणि सिडनीत विकसित झालेली ‘स्कॅट्स’. दोन्हींचा पाया १९७० च्या दशकातला आहे. स्कूटला डिटेक्टर चौकाच्या बरेच अलीकडे, शक्यतो मागचा चौक ओलांडल्यावर लगेच लागतात, कारण येणाऱ्या वाहनांचे पुंजके आधीच पाहून रांग किती वाढेल याचा ती अंदाज बांधते. स्कॅट्सला डिटेक्टर थांबारेषेपाशी लागतात, कारण हिरव्या दिव्याचा किती भाग खरोखर वापरला गेला हे मोजून ती सिग्नलच्या पुढच्या फेरीच्या वेळा ठरवते. म्हणजे रस्त्यात लूप, अर्थात वाहन टिपणारी तारेची वेटोळी, कुठे पुरायचे हे ठरवताना आपण नकळत प्रणालीचीही निवड करत असतो. एका प्रणालीसाठी रस्ता खणून झाल्यावर दुसरीविषयी सल्ला मागितला, तर सल्ला देणाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नाही. यांपैकी कोणतीही प्रणाली घेतली तरी बस ही बस आहे हे तिला वेगळे कळवावेच लागते. साध्या लूपला बस आणि मालमोटार यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. तेव्हा ‘प्राधान्य त्यातच आले’ असे कुणी म्हटले तर बसची ओळख कुठून येते, एवढे एकच विचारावे.

आता लाभाच्या आकड्यांविषयी. नवी प्रणाली बसवल्यावर प्रवासाचा वेळ इतके टक्के कमी झाला, असे अहवाल वाचताना तुलना कशाशी केली आहे ते पाहावे. आधीच्या ठरावीक वेळा बरीच वर्षे कुणी तपासलेल्या नसतील, तर केवळ त्या नव्याने मोजून बसवल्या असत्या तरी सुधारणा दिसलीच असती. वेळांच्या फेरमांडणीतून किती मिळाले आणि स्वयंचलित बदलातून किती मिळाले हे वेगळे न सांगणारा आकडा आपल्या प्रस्तावात घेऊ नये. बसच्या प्राधान्याबाबतही बचत सेकंदांत दिली आहे की टक्क्यांत, ती सरासरीतली आहे की अनियमितपणा कमी होण्यातली, आणि आडव्या रस्त्यावर किती विलंब वाढला, या तीन गोष्टी शोधाव्यात. प्रवाशांच्या दृष्टीने अनियमितपणा कमी होणे हा लाभ सरासरी वेळेच्या बचतीपेक्षा अनेकदा मोठा असतो, असे माझे ठाम मत आहे.

डिटेक्टरविषयी मदत हवी असेल तर अमेरिकेच्या फेडरल हायवे प्रशासनाचे ट्रॅफिक डिटेक्टर हँडबुक वाचावे. त्याची २००६ ची तिसरी आवृत्ती विनामूल्य उपलब्ध आहे. लूपमधून साधारण दहा ते दोनशे किलोहर्ट्झच्या पट्ट्यातला प्रवाह वाहतो. वर धातूचे वाहन आले की त्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह (एडी करंट) निर्माण होतात, लूपचे प्रेरकत्व (इंडक्टन्स) घटते आणि वारंवारता वाढते. हे एवढे समजले तरी दुचाकी का निसटते, शेजारच्या दोन लूपमध्ये गोंधळ का होतो आणि पावसाळ्यात खोट्या नोंदी का येतात, हे बरेचसे स्वतःच उलगडता येते. कुणाकडे तक्रार मांडताना ‘डिटेक्टर चालत नाही’ असे लिहू नये. लूपचे प्रेरकत्व, तारेचा रोध आणि जमिनीशी असलेला विसंवाहक रोध या तीन मापांसह लिहावे. विसंवाहक रोध शंभर मेगओहमच्या वर असणे निरोगी लूपचे लक्षण मानतात. तो खाली आला असेल तर दोष तारेत किंवा जोडात शोधावा, कंट्रोलरमध्ये नव्हे.

वेळापत्रक

बस कुठे आहे आणि ती वेळेवर आहे का, या प्रश्नाचे उत्तर बसच्या माहितीतून यायचे आहे, म्हणून त्या बाजूविषयी लिहिते.

बसची वेळापत्रके प्रसिद्ध करण्याचे आज सर्वाधिक प्रचलित स्वरूप म्हणजे ‘जीटीएफएस’. पोर्टलंड शहराची ट्रायमेट ही सार्वजनिक वाहतूक संस्था आणि गूगल यांच्या सहकार्यातून २००५ च्या सुमारास ते जन्माला आले. ते साध्या मजकुराच्या तक्त्यांचे बनलेले आहे: थांबे, मार्ग, फेऱ्या, प्रत्येक थांब्यावरची वेळ आणि सेवेचे दिवस. विशिष्ट सॉफ्टवेअरवाचून ते वाचता येते, यामुळेच ते इतके पसरले. चालू स्थितीसाठी जीटीएफएस-रिअलटाइम आहे. त्यात मुळात फेरीतले बदल, वाहनाचे स्थान आणि प्रवाशांसाठी सूचना असे तीन प्रकार आहेत. युरोपात वेळापत्रकासाठी नेटेक्स आणि चालू माहितीसाठी सिरी ही अधिक तपशीलवार मानके आहेत.

या क्षेत्रात मदत मिळवणे तुलनेने सोपे आहे, कारण चर्चा खुल्या जागी होते. जीटीएफएसचे नियम, त्यांतील बदलांचे प्रस्ताव आणि त्यांवरचे वाद गिटहब या सॉफ्टवेअरच्या सामायिक संकेतस्थळावर सर्वांना दिसतात, आणि मोबिलिटीडेटा ही ना-नफा संस्था त्याचा समन्वय करते. प्रश्न विचारण्याआधी तिचे विनामूल्य तपासणी-साधन आपल्या फाइलींवर चालवावे. बहुतेक अडचणींचे कारण त्याच्या अहवालातच सापडते. मध्यरात्रीनंतर संपणाऱ्या फेऱ्यांचे उदाहरण घ्या: रात्री एक वाजून दहा मिनिटांची वेळ त्याच सेवादिवसात ‘२५:१०:००’ अशी लिहायची असते. ती ‘०१:१०:००’ अशी लिहिली तर वेळ मागे गेल्यासारखी दिसते, आणि मग ‘बस उशिरा आहे’ या निकषावर चालणारी प्राधान्य-यंत्रणाही चुकते.

आणखी एक गोष्ट सिग्नलवाल्यांनी आवर्जून लक्षात घ्यावी. थांबा चौकाच्या अलीकडे असेल तर प्रवासी चढण्या-उतरण्याला किती वेळ लागेल हे आधी कळत नाही, आणि लांबवलेला हिरवा दिवा बस थांब्यावर उभी असतानाच वाया जातो. थांबा चौकाच्या पलीकडे असेल तर बस कधी पोहोचेल याचा अंदाज कितीतरी अधिक खात्रीने बांधता येतो. काही ठिकाणी थांबा हलवणे हेच सर्वांत परिणामकारक तंत्रज्ञान ठरते. म्हणून उपकरणांची चौकशी करण्याआधी थांब्यांची यादी चौकांच्या नकाशावर मांडून पाहावी.

प्रतिमान

प्राधान्य दिल्यावर आडव्या रस्त्याचे काय होईल, हे रस्त्यावर प्रयोग करण्याआधी संगणकावर पाहता येते. ‘सुमो’ हे जर्मन अवकाश आणि वैमानिकी केंद्राने विकसित केलेले, २००१ पासून उपलब्ध असलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि ते आता एक्लिप्स फाउंडेशनच्या छत्राखाली चालते. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून रस्त्यांचे जाळे त्यात आणता येते आणि पायथन या संगणकभाषेतून प्रत्येक क्षणी सिग्नलची स्थिती बदलून पाहता येते. त्याचे दस्तऐवज उत्तम आहेत, आणि विकासक मंडळी ईमेलच्या टपालसूचीवर प्रश्नांना उत्तरे देतात.

परंतु त्यांच्याकडून उत्तर हवे असेल तर संपूर्ण शहराचे जाळे पाठवू नये. अडचण जिथे दिसते तो एक चौक, चार रस्ते, मोजक्या गाड्या, वापरलेली आवृत्ती आणि आलेला त्रुटीसंदेश एवढेच पाठवावे. असा लहान नमुना तयार करताना पुष्कळदा चूक आपल्यालाच सापडते, आणि सापडली नाही तरी समोरच्याला ती काही मिनिटांत पाहता येते.

ग्रंथशोधक यांच्या मांडणीला मला एक पुरवणी जोडायची आहे. ग्रंथांतली सूत्रे घ्यावीत, पण त्यांतले आकडे उचलू नयेत. ब्रिटनमधील वेब्स्टर यांनी १९५८ मध्ये मांडलेले सूत्र अजूनही शिकवले जाते: सिग्नलच्या एका फेरीचा इष्टतम काळ म्हणजे वाया जाणाऱ्या एकूण वेळेच्या दीडपटीत पाच मिळवून, आलेल्या संख्येला एक वजा भारगुणोत्तरांची (येणारी वाहने भागिले हिरव्या दिव्यात जाऊ शकणारी वाहने यांची) बेरीज याने भागणे. वाया जाणारा वेळ १२ सेकंद आणि बेरीज ०.७ असेल तर फेरी सुमारे ७७ सेकंदांची येते. तीच बेरीज ०.९ झाली तर उत्तर २३० सेकंद येते, जे व्यवहारात चालणारे नाही. आणि ही बेरीज ज्यावर अवलंबून असते तो संपृक्त प्रवाह, म्हणजे हिरव्या दिव्यात थांबारेषा ओलांडू शकणाऱ्या वाहनांचा दर, प्रत्येक ठिकाणच्या वाहनमिश्रणानुसार, रुंदीनुसार आणि शिस्तीनुसार बदलतो. जिथे दुचाकी, रिक्षा आणि मालमोटारी मार्गिका न पाळता एकत्र चालतात, तिथे एखाद्या नियमपुस्तिकेतला दर जसाच्या तसा घेतला तर पुढचे सगळे गणित चुकते. तो आपल्याच चौकात मोजावा. त्यासाठी घड्याळ, कॅमेरा आणि संयमी माणूस पुरतो.

संगणकावरचे प्रतिमान (मॉडेल) वास्तवाशी जुळते का हे तपासण्यासाठी ‘जीईएच’ हे परिमाण वापरतात. तासाभराचा मोजलेला आणि प्रतिमानातून आलेला वाहनप्रवाह यांची तुलना त्यात केली जाते, आणि ८५ टक्के ठिकाणी ते ५ च्या खाली असावे असा ब्रिटिश मार्गदर्शनातला संकेत रूढ आहे. सल्लागाराकडून प्रतिमान घेताना ठिकाणवार जीईएचचा तक्ता मागून घ्यावा.

पहारेकरी

मदत मागताना सुरक्षिततेचे भान ठेवावे, म्हणून थोडे लिहितो. २०१४ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी एका रस्ते यंत्रणेच्या परवानगीने तिच्या बिनतारी जोडलेल्या सिग्नलांची तपासणी केली. संदेश कूटबद्ध नव्हते आणि उपकरणांवर कारखान्यातून आलेलेच पासवर्ड कायम होते, असे त्यांना आढळले. कंट्रोलरशी बोलण्यासाठी एसएनएमपी या संगणकजाळ्यावरील संभाषणपद्धतीची जुनी आवृत्ती वापरली जाते तेव्हा तिचा परवलीचा शब्द उघड्या मजकुरात प्रवास करतो, हेही अनेकांना ठाऊक नसते.

त्यामुळे खुल्या चर्चेत नोंदी किंवा संरचनेच्या फाइली टाकण्याआधी त्यांतले आयपी पत्ते, परवलीचे शब्द, चौकांची नावे आणि उपकरणांचे अनुक्रमांक काढून टाकावेत. उपकरणाचे प्रारूप आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती सहसा सांगावीच लागते, पण ती नेमकी कुठे बसवली आहे हे सांगण्याची गरज नसते. आणि प्राधान्याच्या विनंतीला ओळखपडताळणी असावी, ही अट तर चौफुली यांनी सांगितलेल्या पहिल्याच तक्त्यात ‘होय’ करून घ्यावी. अन्यथा कोणीही स्वतःला बस म्हणवून हिरवा दिवा मिळवू शकेल.

ग्रंथशोधक

पहारेकरी यांच्या मुद्द्याला जोडून माहितीच्या वयाविषयी सांगतो. वाहन आणि रस्ता यांच्यातील बिनतारी संभाषणासाठी अमेरिकेत १९९९ मध्ये ५.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७५ मेगाहर्ट्झ राखून ठेवले गेले आणि पुढची वीस वर्षे बहुतेक अहवाल डीएसआरसी हे कमी अंतराच्या, वाय-फायसारख्या बिनतारी संभाषणाचे तंत्र गृहीत धरून लिहिले गेले. २०२० मध्ये तेथील दूरसंचार आयोगाने त्यांतले ४५ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरासाठी दिले आणि उरलेले ३० मेगाहर्ट्झ मोबाइल तंत्रावर आधारलेल्या सी-व्ही-टू-एक्सकडे वळवले. युरोपात वाय-फायशी नाते सांगणाऱ्या तंत्राला पुढे नेणारा युरोपीय आयोगाचा नियम २०१९ मध्ये सदस्य राष्ट्रांच्या परिषदेने फेटाळला. या विषयावरचा २०२० पूर्वीचा अहवाल वाचताना त्यातला रेडिओचा भाग बाजूला ठेवावा. संदेशांत काय असावे, म्हणजे प्राधान्याची विनंती, सिग्नलची सद्यःस्थिती आणि चौकाचा नकाशा, हा भाग मात्र अजूनही उपयोगी आहे. तंत्र बदलले तरी गरज आणि कार्य या थरांवरचे लेखन टिकते, ते असे.

मार्गस्थ

सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. आता क्रम असा दिसतो: आधी बसच्या स्थानांच्या नोंदींवरून थांब्यावरचा वेळ आणि सिग्नलवरचा वेळ वेगळा काढायचा, थांब्यांच्या जागा तपासायच्या, संपृक्त प्रवाह मोजायचा, एका चौकाचे प्रतिमान करायचे, आणि मगच तक्ता भरून पुरवठादारांना विचारायचे. ज्या यंत्रणेने हे काम आधी केले आहे तिच्या अभियंत्यांशी बोलण्याची संधी मिळाली तर त्यांना काय विचारावे, आणि चाचणीच्या आधी आणखी काय पाहून घ्यावे?

चौफुली

क्रम योग्य आहे. दुसऱ्या यंत्रणेतील लोकांशी बोलायला मिळाले तर ‘प्रणाली कशी आहे’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर ‘चांगली आहे’ असेच येते. देखभालीचा करार संपल्यावर काय झाले, माहिती आपल्या मालकीची आहे का आणि ती कोणत्या स्वरूपात मिळते, पुरवठादाराच्या मदतीशिवाय वेळा बदलता येतात का, किती चौकांत प्राधान्य सध्या खरोखर चालू आहे आणि जिथे बंद केले तिथे का केले, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरासाठी पुरेसा वेळ द्या. शक्य असल्यास देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाशी स्वतंत्रपणे बोला. चौकातले कंट्रोलरचे कपाट उघडणाऱ्या माणसाला जे ठाऊक असते ते अहवालात क्वचितच उतरते.

पुरवठादाराकडून भरलेल्या तक्त्यासोबत कंट्रोलरच्या माहितीघटकांची संपूर्ण ‘मिब’ फाइल मागा, आणि त्यात उत्पादकाचे खासगी घटक असतील तर त्यांचेही वर्णन करारातच लिहून घ्या.

चाचणीआधी पाहायची पहिली गोष्ट म्हणजे घड्याळे. बसमधले यंत्र जीपीएसची वेळ वापरते, कंट्रोलर पुष्कळदा स्वतःचे घड्याळ किंवा वीजपुरवठ्याची वारंवारता वापरतो, आणि केंद्रातील संगणकाची वेळ तिसरीच असते. यांत काही सेकंदांचा फरक असला तरी विनंती हिरव्या दिव्याआधी आली की नंतर, हे नोंदींवरून सांगता येत नाही, आणि मग कोणत्याही तज्ज्ञाकडे गेलात तरी त्याला दोष शोधता येत नाही. सर्व घड्याळे एकाच वेळस्रोताशी जोडून घ्या, नोंदीत सेकंदाच्या दशांशापर्यंत वेळ आणि प्रत्येक विनंतीचा क्रमांक येतो आहे याची खात्री करा, आणि एका बसची एका चौकातली विनंती तिन्ही नोंदींत हाताने शोधून पाहा. ती तिन्ही ठिकाणी सापडली की चाचणी सुरू करायला हरकत नाही. न सापडल्यास त्या तीन नोंदी, पहारेकरी यांनी सांगितल्याप्रमाणे तपशील झाकून, इथेच टाका. आपण मिळून पाहू.